आकडा कोणाचा, ओझे कोणाचे?

महिना उलटला की मोटारधंद्यात आकड्यांचा उत्सव सुरू होतो. पहिल्या तारखेला कंपन्यांची विक्रीपत्रके बाहेर पडतात, दुसऱ्या तारखेला वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर त्यांचे तक्ते झळकतात आणि तिसऱ्या तारखेपासून कोण पुढे सरसावला व कोण मागे पडला याची चर्चा रंगते. या चर्चेत सर्वाधिक चुरस कोठे असेल तर ती पिकअप ट्रकच्या बाबतीत, आणि तीही अमेरिकेत. फोर्ड कंपनीची 'एफ' मालिका, जनरल मोटर्सचा शेव्हरले सिल्व्हेराडो आणि पूर्वी क्रायस्लरच्या व आता स्टेलँटिसच्या छत्राखाली असलेला रॅम या तिघांतील झुंज तेथे जवळजवळ राष्ट्रीय खेळासारखी पाहिली जाते. आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी या गाड्या डोळ्यांनी पाहिल्या असतील. तथापि या झुंजीतून आकडेवारीविषयी जो धडा मिळतो तो चोर्ला घाटातून रोज पहाटे बेळगावची भाजी गोव्यात उतरवणाऱ्या पिकअपवाल्यालाही लागू आहे. म्हणूनच हा विषय आम्ही आज अग्रलेखासाठी निवडला आहे.

पहिला प्रश्न साधा दिसतो. पहिला कोण? फोर्ड कंपनी म्हणते, आम्ही. १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आमचाच. हा दावा खोटा नाही. २०२३ साली 'एफ' मालिकेच्या सुमारे ७ लाख ५० हजार गाड्या विकल्या गेल्या, सिल्व्हेराडोच्या सुमारे ५ लाख ५५ हजार व रॅमच्या सुमारे ४ लाख ४५ हजार. परंतु जनरल मोटर्स त्याच बांध्याची गाडी दोन नावांनी विकते. शेव्हरलेच्या दुकानात ती सिल्व्हेराडो असते, तर जीएमसीच्या दुकानात सिएरा. त्या वर्षी सिएराच्या २ लाख ९५ हजारांहून अधिक गाड्या गेल्या. दोन्हींची बेरीज केली तर साडेआठ लाख होते आणि फोर्डचे सिंहासन डळमळते. उलट 'एफ' मालिका ही काही एकच गाडी नव्हे. घरगुती वापराच्या एफ-१५० पासून बांधकामावर राबणाऱ्या अवजड सुपर ड्यूटीपर्यंतचा सारा गोतावळा त्या एका आकड्यात बसवलेला असतो. म्हणजे नावाने मोजले तर एक विजेता, कंपनीने मोजले तर दुसरा. दोघेही खरे बोलतात आणि दोघेही आपल्या सोयीचे तेवढेच बोलतात. मोजपट्टी ज्याच्या हाती असते, त्याचीच उंची अधिक भरते, हा अनुभव जुनाच आहे.

दुसरा प्रश्न महिन्याचा. विक्रीचे दिवस प्रत्येक महिन्यात सारखे नसतात. एखादा शनिवार-रविवार इकडचा तिकडे गेला की टक्केवारी बदलते. एखाद्या सरकारी खात्याने किंवा भाड्याने गाड्या देणाऱ्या संस्थेने एकगठ्ठा खरेदी केली की तो महिना फुगतो व पुढचा रोडावतो. २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या सुमारे ४८ हजार कामगारांनी ४० दिवस संप केला. त्या वर्षी रॅमने सिल्व्हेराडोला मागे टाकून दुसरे स्थान पटकावले. रॅम ६ लाख ३३ हजारांवर, तर सिल्व्हेराडो पावणेसहा लाखांच्या आसपास. या पीछेहाटीत संपाचा वाटा किती, नव्या बांधणीच्या गाडीविषयी ग्राहकांच्या नापसंतीचा किती आणि रॅमवर दिल्या गेलेल्या भरघोस सवलतींचा किती, हे त्या तक्त्यातील कोणताही रकाना सांगत नाही. २०२१ साली तर इलेक्ट्रॉनिक चिपच्या टंचाईमुळे फोर्डचे हजारो ट्रक जवळजवळ तयार होऊनही एका सुट्या भागासाठी मैदानांवर उभे होते. त्या महिन्यांतील घटलेली विक्री ही मागणीची घट नव्हती. आकडा मात्र घट एवढेच बोलत होता.

परंतु ज्या प्रश्नाने या साऱ्या उत्सवाचे पितळ उघडे पाडले तो तिसरा आहे: विक्री म्हणजे काय? ग्राहकाने पैसे मोजले आणि गाडी घरी नेली, हा आपला सामान्य समज. कंपनीच्या हिशेबात मात्र हा शब्द बराच लवचीक असतो. फियाट क्रायस्लरचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. ही कंपनी वर्षानुवर्षे दर महिन्याला जाहीर करीत असे की, गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा आमची विक्री अधिक झाली आहे. ही अखंड चढती कमान पंचाहत्तर महिने टिकली, असे तिचे सांगणे होते. २०१६ च्या जानेवारीत इलिनॉय राज्यातील एका वितरक समूहाने न्यायालयात आरोप केला की, वितरकांना पैसे देऊन न झालेल्या विक्रीची नोंद करवून घेतली जाते. जुलै २०१६ मध्ये कंपनीने आपले मागील अनेक वर्षांचे मासिक आकडे सुधारले, आणि ती अखंड कमान वस्तुतः सप्टेंबर २०१३ मध्येच तुटली होती, हे उघड झाले. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने कंपनीला ४ कोटी डॉलरचा दंड केला. आयोगाचे म्हणणे असे की, चांगल्या महिन्यातील काही खऱ्या विक्रीच्या नोंदी कंपनी बाजूला दडवून ठेवी आणि वाईट महिन्यात त्या काढून तूट भरून काढी. कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता दंड भरला.

यातील विनोद पाहण्यासारखा आहे. घरातील सुगरण सुगीच्या दिवसांत चार पापड डब्यात ठेवते आणि पावसाळ्यात बाहेर काढते, तिला आपण दूरदर्शी म्हणतो. तिचा डबा तिच्या घरच्यांसाठी असतो. कंपनीचा डबा भागधारकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी होता. २०२० साली बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीलाही अशाच प्रकारच्या आरोपांवरून १ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हा हा एकाच घराण्याचा दोष म्हणता येत नाही. दर महिन्याला वर चढलेच पाहिजे, असा दंडक ज्या धंद्याने स्वतःवर लादून घेतला, त्या धंद्यात प्रामाणिक उतार हाच अपराध ठरतो आणि मग खोटी चढण बांधण्याचा मोह आवरत नाही.

यावर अमेरिकन कंपन्यांनी काय उपाय शोधला? त्यांनी मासिक आकडे देणेच थांबवले. एकेकाळी दर दहा दिवसांनी विक्री जाहीर करणाऱ्या या धंद्यात एप्रिल २०१८ मध्ये जनरल मोटर्सने तिमाही पद्धत स्वीकारली. तीस दिवसांच्या अवधीत खरा कल आणि तात्पुरता चढउतार यांतील भेद कळत नाही, हे त्यांचे कारण. २०१९ च्या आरंभापासून फोर्डने आणि त्याच वर्षी पुढे फियाट क्रायस्लरने तीच वाट धरली. कारण म्हणून ते सांगणे चुकीचे नव्हे. महिन्याच्या मोजपट्टीतील दोष आम्ही वर मांडलेच आहेत. तथापि आरसा मळला म्हणून तो भिंतीवरून उतरवून ठेवावा, हे आम्हांस मान्य नाही. तीन महिन्यांनी दिलेला आकडाही तेवढाच फुगवता येतो आणि दरम्यान कारखान्यातला कामगार, दुकानातला वितरक व बँकेतला गुंतवणूकदार तीन महिने अंधारात राहतो. दोष वारंवारतेचा कमी आणि व्याख्येचा अधिक आहे. विक्री कशाला म्हणावे हे पक्के केले की मासिक आकडाही बोलका होतो. ते न करता वार्षिक आकडा दिला तरी तो मुकाच.

या शर्यतीचे मैदान तरी सपाट आहे काय? १९६० नंतरच्या काळात अमेरिकेतील स्वस्त कोंबड्यांचा युरोपात सुळसुळाट झाला, तेव्हा युरोपीय देशांनी त्यांवर जकात वाढवली. त्याचा सूड म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या वस्तूंवर २५ टक्के कर लावला, त्यांत परदेशी हलके ट्रकही होते. कोंबड्यांचे भांडण कधीच विसरले गेले; ट्रकवरील कर साठ वर्षे उलटली तरी हटला नाही. त्याच्या आडोशाने अमेरिकन पिकअप वाढला, फोफावला आणि अमेरिकन कंपन्यांच्या नफ्याचा मुख्य आधार झाला. यातही एक गंमत आहे. याच कराच्या छायेत वाढलेल्या फोर्डने तुर्कस्तानातून मालवाहू गाड्या आणताना त्यांत मागील आसने बसवून त्या प्रवासी गाड्या असल्याचे दाखवले आणि बंदरातून सुटताच ती आसने काढून टाकली, असा अमेरिकन सरकारचा आरोप होता. तो मिटवण्यासाठी २०२४ साली फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कुंपण आपल्या शेताचे रक्षण करते तोवर ते पवित्र, आपल्या वाटेत आले की ते ओलांडायचे, असा हा व्यवहार. अशा कुंपणाआडच्या शर्यतीतील पहिल्या क्रमांकाला निव्वळ गुणवत्तेचा कौल समजणे भाबडेपणाचे ठरेल.

आणखी एक हिशेब या तक्त्यांत कधीच येत नाही. हे ट्रक वर्षागणिक उंच, रुंद आणि अजस्र होत गेले. अमेरिकेच्या रस्त्यांवर २००९ साली चार हजार एकशेच्या आसपास पादचारी मेले. २०२२ साली ती संख्या साडेसात हजारांच्या घरात गेली, चाळीस वर्षांतील सर्वाधिक. या वाढीला अनेक कारणे आहेत आणि सारा दोष पिकअपच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तथापि तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये असे दाखवून दिले की, ज्या गाडीच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असते तिच्या धडकेत पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. महिन्याला किती ट्रक विकले हे हजाराच्या अचूकतेने सांगणाऱ्या समाजाने हा दुसरा आकडाही त्याच तक्त्यात, त्याच ठळक टायपात छापावयास हवा.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडील पिकअप अमेरिकेतील पिकअपसारखा रुबाबाचा विषय नाही. तो पोटापाण्याचा विषय आहे. २००५ साली टाटांनी 'एस' ही छोटी मालवाहू गाडी आणली आणि लोकांनी तिला 'छोटा हाथी' असे नाव देऊन टाकले. तीनचाकी टेम्पोवाल्याला चारचाकीचा मालक करणारी ती गाडी होती. महिंद्राचा बोलेरो पिकअप, अशोक लेलँडचा दोस्त, मारुतीची सुपर कॅरी या सर्वांनी पुढे हा बाजार वाढवला. मालीमच्या जेटीवरील मासळी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील केळी, गणपतीच्या दिवसांतील मूर्ती, लग्नघरचे मंडप-साहित्य, ही सारी ओझी याच गाड्यांच्या पाठीवरून जातात.

यांपैकी पहिला कोण हे ठरवावयास जावे तर अमेरिकेतीलच गोंधळ येथे अधिक पसरट रूपात भेटतो. महिंद्रा आपले आकडे टनाच्या गटांनी देते: दोन टनांखालील एक, दोन ते साडेतीन टनांचा दुसरा. टाटा मोटर्स छोटी मालवाहू वाहने व पिकअप एकाच रकान्यात घालते. अशोक लेलँडचा 'हलकी वाहने' हा आणखी वेगळा गठ्ठा, तर मारुतीच्या रकान्यात एकच गाडी. आंबे, फणस आणि काजू एकाच टोपलीत घालून कोणाचे पीक अधिक हे ठरवण्यासारखेच हे आहे. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, पहिल्या तारखेला आपल्याकडे 'विक्री' म्हणून जो आकडा झळकतो तो मुख्यतः कारखान्यातून वितरकाकडे रवाना झालेल्या गाड्यांचा असतो. ग्राहकाच्या नावे किती गाड्या नोंदल्या गेल्या हे पाहावयाचे तर वाहन-वितरकांचा महासंघ 'फाडा' सरकारच्या 'वाहन' नोंदणी-प्रणालीवरून काही दिवसांनी जे आकडे प्रसिद्ध करतो ते वाचावे लागतात. त्यांतही अनेक वर्षे तेलंगणा राज्याचा समावेश नसे. म्हणजे आमच्या हैदराबादच्या वाचकाने घेतलेली गाडी त्या देशव्यापी हिशेबात मोजलीच जात नव्हती.

रवाना झालेली गाडी आणि नोंदली गेलेली गाडी यांतील अंतर म्हणजे वितरकाच्या आवारात उन्हापावसात उभा असलेला माल. त्या मालावर कंपनीला पैसे मिळून गेलेले असतात. व्याज वितरक भरीत असतो. २०२४ मध्ये फाडाने इशारा दिला की, देशातील वितरकांकडे ७० ते ७५ दिवस पुरतील इतक्या, म्हणजे सुमारे ७ लाख ८० हजार प्रवासी गाड्या पडून आहेत आणि त्यांची किंमत ७७ हजार ८०० कोटी रुपये आहे. तो आकडा मोटारींचा होता, पिकअपचा नव्हे. परंतु रीत एकच आहे. कंपनीचा तक्ता वर जातो आणि वितरकाचे कर्ज त्याच्या पाठोपाठ चढते. तो वितरक बुडाला की त्याच्याकडील फिटर, हिशेबनीस आणि गाडी धुणारा पोर हे सारे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा या न्यायाने, त्याच वाटेने जातात. २०१९ च्या मंदीत तीन महिन्यांत वितरकांकडील सुमारे दोन लाख नोकऱ्या गेल्याचा फाडाचा अंदाज होता.

अमेरिकेतील पहिल्या दोन क्रमांकांचे मल्ल आपल्या भूमीवर काय करून गेले हेही विसरता कामा नये. जनरल मोटर्सने बडोद्याजवळील हालोलचा कारखाना २०१७ मध्ये आणि पुण्याजवळील तळेगावचा २०२० मध्ये बंद केला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटार-उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. तळेगावच्या कामगारांना आपल्या हक्काच्या भरपाईसाठी झगडावे लागले. आपल्या देशी पत्रकांतील चढउतारांत रमलेल्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, मोठ्या कंपन्यांना तोट्याचा बाजार सोडून जाता येतो. गाडी घेतलेला माणूस आणि ती विकणारा दुकानदार यांना तसे जाता येत नाही.

आणि या साखळीच्या अगदी टोकाला तो माणूस उभा आहे. त्याने बायकोचे दागिने गहाण ठेवून पहिला हप्ता भरलेला असतो आणि पुढील चार-पाच वर्षे दर महिन्याला त्याला एकच आकडा ठाऊक असतो, हप्त्याचा. भाडे मिळाले नाही, डिझेल महागले, घाटात दरड कोसळून आठवडाभर रस्ता बंद पडला, तरी त्या आकड्यात घट होत नाही. कंपनीच्या पत्रकात त्याची गाडी केव्हाच 'विक्री' होऊन बसलेली असते. त्याच्या दृष्टीने ती अजून विकत घेऊन पुरी झालेली नसते. किती पिकअप महिन्याला विकले गेले हे देशाला कळते. त्यांपैकी किती हप्ते थकल्यामुळे ओढून नेले गेले, हे मात्र पहिल्या तारखेच्या कोणत्याही पत्रकात छापले जात नाही.

टीका करून थांबणे हे आमचे काम नव्हे. म्हणून तीन गोष्टी आम्ही स्पष्टपणे सुचवतो. एक, प्रत्येक कंपनीने दर महिन्याला कारखान्यातून रवाना झालेल्या, ग्राहकाच्या नावे नोंदल्या गेलेल्या आणि वितरकाकडे शिल्लक असलेल्या गाड्या असे तीन आकडे शेजारी शेजारी द्यावेत. त्यांत कोणतेही व्यापारी गुपित नाही. दोन, टनाची वर्गवारी सर्व कंपन्यांना एकच असावी आणि ती उद्योगाच्या संघटनेने वा सरकारने ठरवून द्यावी, म्हणजे तुलना करणाऱ्यास आपल्या सोयीचा रकाना निवडता येणार नाही. तीन, मालवाहू गाड्यांवरील थकलेल्या कर्जांची व जप्त झालेल्या गाड्यांची संख्या राज्यवार व नियमितपणे प्रसिद्ध व्हावी. हा तिसरा आकडा कंपन्यांना रुचणार नाही, वित्तसंस्थांना तर मुळीच नाही. परंतु नव्याने गाडी घेऊ पाहणाऱ्या तरुणाला कोणत्याही जाहिरातीपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

आम्हां वृत्तपत्रांचेही यात एक कर्तव्य आहे. कंपनीने पाठवलेला तक्ता जसाच्या तसा छापून वर 'विक्रमी विक्री' असे शीर्षक देणे ही बातमीदारी नव्हे, ती टपालवाटप झाली. विक्री कोणाला झाली, माल कोठे आहे आणि पैसे कोणाचे अडकले आहेत, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून असा तक्ता पानावर जाऊ नये. वाचकांनीही पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हेच तीन प्रश्न आम्हांला विचारावेत.

भरल्या गाड्याला सूप जड होत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ते गाडीवानाच्या बाबतीत खरे असेलही. पण ज्याच्या माथ्यावर कर्जाचा डोंगर आहे, त्याला अधिकाचे एक सूपही जड जाते. पहिल्या क्रमांकाचा मान कोणत्या कंपनीला मिळतो याची उत्सुकता जरूर असावी. ती निरुपद्रवी आहे. देशाचा व्यापार मात्र किती गाड्या कारखान्याबाहेर पडल्या यावर मोजू नये. किती गाड्यांनी आपल्या मालकाचे कर्ज फेडले आणि त्याच्या घरी दोन पैसे आणले, यावर मोजावा. तो हिशेब ज्या महिन्यापासून सुरू होईल, त्या महिन्याची आम्ही वाट पाहत आहोत.